आज कुठला आवाज?

आमच्या शाळेतल्या बालवर्गाच्या बाईंचा डबा उघडला, की त्या दिवशी त्यांच्या वर्गात कुठला आवाज चाललाय ते आम्हाला कळायचं. कडक भाकरी, कोबी आणि कांदा निघाला की क. शेंगाचटणी, शेवग्याच्या शेंगा आणि वाटीभर शिरा निघाला की श. आपण प्रेमानं वांग्याची भाजी पुढं करावी, तर बाई मान हलवायच्या. आज क आहे म्हणायच्या. मग मी म्हणायची, अहो बाई, हे काळं वांगं आहे की. की लगेच हात पुढं. मी ही युक्ती किती वेळा वापरली असेल त्याला गणती नाही. ग च्या दिवशी ‘गरम वांगं’ आणि म च्या दिवशी ‘मऊ वांगं’ असं करत माझ्या हातची वांगी त्यांनी जवळजवळ सगळ्या मुळाक्षरांत खाल्ली.

पण ण च्या दिवशी माझीसुद्धा युक्ती चालत नसे. ण नं सुरू होणारं जगात खायला काही नाही, म्हणून बाई त्या दिवशी चक्क उपाशी राहायच्या. पोरांना ते आधीच माहीत असायचं. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग आपापले डबे उघडून बसायचा आणि बाईंना खाता येईल असं काहीतरी शोधायचा. पोळी म्हणून बघायची, नाही. चटणी म्हणून बघायची, तीही नाही. लोणचं, गूळ, केळं, कुरकुरे, सगळं एकेक करून जिभेवर घोळवून बघायचं आणि शेवटी हिरमुसून बाईंना सांगायचं, की बाई, न्हाई सापडलं. बाई तेवढ्याच गंभीरपणे म्हणायच्या, नाही ना? बघा बरं, अजून कुणाच्या डब्यात राहिलंय का. भूक त्यांना लागलेली असायची आणि कान पोरांचे तयार व्हायचे.

त्यांचे यजमान रेल्वेत होते, होटगीला. गरीब माणूस. संध्याकाळी कधी त्यांना न्यायला स्कूटरवर यायचे, तेव्हा मी मुद्दाम विचारायची, साहेब, आज काय जेवलात? ते हसून सांगायचे, आज ट आहे, टोमॅटोवर भागवलंय. ढ च्या दिवशी मात्र ते होटगीतच कुठंतरी जेवून घ्यायचे. ढोकळा पोटभर खायचा पदार्थ नाही असं त्यांचं मत होतं.

बाई उंच, हाडकुळ्या. सुती साडी, पायांत पुरुषी चपला आणि खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत पुस्तक-बिस्तक काही नसायचं. यंत्रमागाखाली जे कापसाचे पुंजके साठतात, ते गोळा करून त्यांनी दोऱ्याला बांधलेले असायचे. असला एक पुंजका पोरांच्या ओठांपुढं धरायचा आणि म्हणायचं, प म्हण. पुंजका जागचा हलत नाही. आता फ म्हण. पुंजका नाचायला लागतो. पोरं खिदळायची. तासभर प फ, प फ, ब भ, ब भ. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुठला तरी पंप बिघडलाय.

हजेरी त्या नाव घेऊन घेत नसत. नुसता ‘स’ म्हणायच्या, की सगळे स वाले उभे राहणार. मग ‘सा’ म्हणायच्या, की त्यातले निम्मे बसणार. असं करत करत एकच पोर उभं राहिलं, की त्याची हजेरी लागली. या पद्धतीनं हजेरी घ्यायला अर्धा तास जायचा आणि मुख्याध्यापकांचा जीव जायचा. आम्हालाही त्या तसंच बोलवायच्या. माझ्या नावाचा पहिला आवाज एवढाच त्या व्हरांड्याच्या त्या टोकावरून सोडायच्या आणि मी हातातला खडू टाकून निघायची. सुरुवातीला मला लई राग यायचा. माणसाला एवढं सुद्धा पूर्ण नाव नसावं? पुढं पुढं कुणी पूर्ण नावानं हाक मारली तर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आता मोबाइलची गंमत. पालकांचा ग्रुप सगळ्या शाळांचा असतो, तसा आमचाही होता. त्यावर सकाळी फुलं, दुपारी देव, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. बाई त्यावर कधीच काही लिहीत नसत. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या आयांना वाचता येत नव्हतं, मग लिहायचं कुणासाठी, असं त्यांचं म्हणणं. त्या रोज दिवेलागणीला स्वतःच्या आवाजात उद्याचा आवाज पाठवायच्या. नुसतं ‘म’. बस्स. ना नमस्कार, ना चमत्कार. आईनं तो पोराला ऐकवायचा आणि पोरानं म नं सुरू होणारी एक वस्तू घरात शोधून दुसऱ्या दिवशी आणायची. ह चा दिवस आला तेव्हा बाईंना सर्दी होती. त्यांनी ग्रुपवर ‘ह, ह, ह’ असं पाठवलं. आमच्या आयेशाचे अब्बा रिक्षा चालवतात. त्यांनी ते ऐकलं, आणि बाईंना दम लागलाय असं समजून गिऱ्हाईक उतरवून रिक्षा थेट सात रस्त्याजवळ बाईंच्या दारात नेली. चला मॅडम, दवाखाने में चलो, म्हणाले. बाईंनी त्यांना बसवून चहा दिला आणि मग ह नं सुरू होणाऱ्या पाच वस्तू सांगा म्हणून तिथंच वेठीला धरलं. ते बिचारे हळद, हंडा करत हातरुमालापर्यंत पोचले. त्यानंतर रोज संध्याकाळी स्टँडवर सगळे रिक्षावाले त्यांना विचारायचे म्हणे, आज कुठला आवाज?

हसायचं तेवढं हसा, पण बाई त्यांच्या कामात पक्क्या होत्या. दिवाळीपर्यंत त्या पोरांच्या हातात पाटी देत नसत. अक्षर दाखवत सुद्धा नसत. आधी आवाज कानात बसू दे, मग हाताला देऊ, असं म्हणायच्या. कुणी घाई केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, पाटी कुठं पळून जाते काय?

मी पहिलीची बाई. बालवर्गातली पोरं पुढच्या जूनमध्ये माझ्याच पदरात पडायची, म्हणून मला जे दिसायचं ते बाकीच्यांना दिसत नव्हतं. दुसरीकडून येणारी पोरं तक्ता पाठ करून यायची. ग दाखवला की ती ‘गणपती’ म्हणायची. मी म्हणायची, बाळा, गणपती नको, ग म्हण. ते पोर पुन्हा ‘गणपती’. त्याला बिचाऱ्याला ते अक्षर म्हणजे गणपतीचा फोटोच वाटायचा. पुढं ‘गवत’ लिहिलं की तिथंही गणपती बसलेला. बाईंची पोरं लिहायला मागं असायची, हे खरं. काहींना अजून नीट रेघ मारता यायची नाही. पण नवा शब्द दिला की ती तो तोंडात धरायची, सुटा करायची, पुन्हा जोडायची आणि सांगायची. गणपती उठायच्या आत ती वाचायला लागलेली असायची. हे मी सभेत सांगितलं तर कुणी ऐकत नव्हतं. माझं तोंड फटकळ, म्हणून खरं सुद्धा भांडणासारखं ऐकू जायचं.

आमचा सोलापुरातला भाग यंत्रमागवाल्यांचा. एका वर्गात चार भाषांची पोरं. निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू, आणि उरलेल्यांत आमची ‘हाय-न्हाय’वाली मराठी. पुष्कळ आया घरी बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात चाललेले आणि शेजारी पोर. त्या हातांना पाटी धरायला सवड नव्हती. पण तोंड मोकळं असायचं. बाईंनी नेमकं तेच पकडलं. वळता वळता आई म्हणणार क, पोर म्हणणार कात्री. आई म्हणणार ब, पोर म्हणणार बिडी. घरात पुस्तक नको, दिवा नको, वाचता येणारी आई सुद्धा नको. एकदा मी एका गल्लीतनं जात होते, तर ओळीनं चार दारांतनं हेच ऐकू येत होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी भाजी आणायला निघाले होते ते विसरून परत आले.

आमच्या संस्थेचे सचिव हे मोठे कारखानदार. चादरी आणि टॉवेल. आईवडील मागावर राबले आणि यांनी कारखाना उभा केला. माणूस वाईट नव्हता. पण शाळेत पाऊल टाकलं की पुस्तकी मराठी बोलायचे, सभेत तर ‘तथापि’शिवाय वाक्य नाही. घरी त्यांची भाषा तेलुगूच. मात्र शाळेच्या फाटकाच्या आत त्यांच्या तोंडून तेलुगूचा एक शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता.

एक दिवस ते बालवर्गात आले तेव्हा प चा दिवस होता आणि मी काहीतरी मागायला तिथंच गेलेले होते. पोरांनी आणलेल्या वस्तू मांडलेल्या. पेला, पणती, पिशवी, पेरू. आणि वैष्णवी नावाची, तेलुगू घरातली एक बारकी पोरगी दुधाची बाटली घेऊन उभी होती. बाकीची पोरं कालवा करत होती, की बाई, हे दूध हाय, हे प मध्ये न्हाई. वैष्णवी रडकुंडीला आली होती, पण बाटली खाली ठेवत नव्हती. बाईंनी तिला विचारलं, घरी काय म्हणता गं याला? ती म्हणाली, पालु. मग बाईंनी बाटली घेतली आणि पेरूच्या शेजारी नेऊन ठेवली.

सचिवांना ते रुचलं नाही. घरचं घरी राहू द्या, शाळेत दुधाला दूधच म्हटलं पाहिजे, मुलांना आपण इथं शुद्ध भाषा शिकवायला बोलावतो, असं ते बरंच काही म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दूध ती म्हणतेच की,” बाई म्हणाल्या. “द च्या दिवशी हीच बाटली घेऊन येईल. पण आज प आहे आणि तिच्या घरचं दूध प मध्ये बसतं. एका बाटलीत दोन आवाज मिळतात साहेब, मी कशाला सोडू?”

सचिव काही न बोलता निघून गेले. मी बाईंना म्हटलं, गोड बोलून घ्यायचं होतं जरा. त्या म्हणाल्या, आज प आहे, गोड कसं बोलू? असल्या बाईपुढं कपाळ बडवावं नाहीतर काय करावं?

त्या गप्प जाण्याचा अर्थ पुढच्या सभेत कळला. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातली पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसायला लागली होती. तिथली साडेतीन वर्षांची पोरं वही भरून लिहितात आणि आमच्या बालवर्गातलं पाच वर्षांचं पोर कापूस फुंकत बसतं, अशा तक्रारी पालक सचिवांकडे घेऊन जात होते. त्यांचंही चुकत नव्हतं. पोट मारून पोराला शिकवायचं, तर काहीतरी दिसायला पाहिजे. आणि कान तयार झालेला दिसत नाही, त्याचं हेच दुखणं आहे. सचिवांनी सभेत निर्णय सांगितला. फेब्रुवारीत पालकांचा मेळावा होईल. त्यात बालवर्गातल्या मुलांनी सगळ्यांसमोर लिहून-वाचून दाखवायचं. नाही जमलं, तर जूनपासून बालवर्ग बाईंकडे राहणार नाही. तिथं छापील वह्या येतील, दुसऱ्या बाई येतील, आणि आमच्या बाई ऑफिसात बसून दाखल्यांचं काम बघतील.

ज्या बाईनं सगळं आयुष्य आवाजात काढलं, तिला दाखल्यांचं काम. माझा नुसता संताप झाला. मी बोलायला उठले, तर बाईंनी माझा पदर धरून खाली बसवलं. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की ऑफिसात लई शांतता असते गं. त्या दिवशी म होता आणि मी डब्यात मेथी आणली होती. त्यांनी डबा उघडलाच नाही. मला त्यांची काळजी वाटलेली ती तेवढी एकदाच.

मी त्यांना सुचवलं, की आत्ताच पाट्या देऊन टाका आणि पंधरा-वीस शब्द घोकून घ्या. मेळाव्यापुरतं. पुढं तुमचं तुम्ही करा. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की जसं काही मी त्यांना पोरांच्या डब्यातलं चोरून खायला सांगितलंय. मी पुन्हा तो विषय काढला नाही. दिवाळी झाली आणि दर वर्षीप्रमाणेच, एक दिवस अलीकडं नाही की पलीकडं नाही, पाट्या निघाल्या. पोरांना अक्षरं म्हणजे ओळखीच्या माणसाचा फोटो दाखवावा तशी झाली. हा द होय! एवढे दिवस तोंडात होता तो हा. संक्रांतीपर्यंत वर्गातली बरीच पोरं दोन-तीन अक्षरी शब्द लिहायला लागली. काना कुठं तर मात्रा कुठं, अक्षरं गाडीवरनं पडल्यासारखी. पण आवाज सगळे जागच्या जागी.

मेळाव्याला शाळेचा हॉल भरून गेला. सतरंजीवर आया, खुर्च्यांवर संस्थेची मंडळी, भिंतीला टेकून बाप लोक. आयेशाचे अब्बा रिक्षावाल्या मित्रांना घेऊन आले होते, त्यांना निकाल बघायचा होता. मी बाईंच्या शेजारी उभी होते. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीचा बंद त्यांनी मनगटाला गच्च गुंडाळून घेतला होता.

सचिव उभे राहिले आणि म्हणाले, कुणालाही बोलवा. बाई म्हणाल्या, तुम्हीच बोलवा. सचिवांनी नेमकी वैष्णवीला हाक मारली. त्यांना ती बाटली लक्षात असणार. ती आली, खडू घेतला आणि फळ्याला हात पुरेना म्हणून तिला स्टूल दिलं. सचिव म्हणाले, चादर लिही. तिनं ओठ हलवले आणि लिहिलं. चादर. टाळ्या पडल्या. माझ्या जिवात जीव आला. पण सचिव हात वर करून म्हणाले, हा शब्द सोलापुरात दर दुसऱ्या भिंतीवर रंगवलेला असतो, मूल तो बघून बघून लिहील. टॉवेल सांगितलं तरी तेच. आणि दुसरं काही सांगावं, तर बाईंनी आधीच करून घेतलं असेल.

त्यांचं बोलणं रास्त होतं, त्यामुळं मला आणखीच राग आला. लोकही माना हलवायला लागले. बाई पुढं झाल्या.

“मग शब्द मी सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका,” त्या म्हणाल्या. “तिच्या आईला सांगू द्या.”

वैष्णवीची आई दाराजवळ उभी होती. पद्मा तिचं नाव. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, विड्या वळायचं काम अर्धं सोडून आलेली. सगळ्यांच्या नजरा वळल्या तशी ती दाराबाहेर सरकायला लागली. मला शाळेतलं काही येत नाही, म्हणाली. बाईंनी तिला सांगितलं, शाळेतलं नको, घरातलंच सांग. रोज सांगतेस तसं. पद्मा गोंधळून इकडंतिकडं बघायला लागली, मग तिची नजर स्वतःच्या हाताकडं गेली. विडी बांधायच्या दोऱ्याचा एक तुकडा बोटाला गुंडाळलेला तसाच राहिला होता.

“दारम,” ती हळूच म्हणाली.

दारम म्हणजे दोरा, तेलुगूत. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या तक्त्यावर नाही, आमच्या फळ्यावर तर जन्मात कुणी लिहिला नाही असा शब्द. लिहिता आला नाही तर वर्ग गेला, आणि आला तरी सचिव म्हणणार घरचं घरी ठेवा. मी बाईंकडं बघितलं. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. डोळे मिटून नुसत्या ऐकत होत्या.

वैष्णवीनं तो शब्द स्वतःशी म्हटला. मग तळहात ओठांपुढं धरून पुन्हा म्हटला. वारा लागला नाही, म्हणजे हा ध नव्हे. तिनं द काढला. थांबली, तोंड उघडून ‘दाऽऽ’ केलं आणि काना दिला. मग र. मग ओठ मिटून म्म्म करत म. काना जरा कलला होता. ती स्टुलावरनं उतरली आणि हाताचा खडू फ्रॉकला पुसला.

सचिव उठले आणि फळ्यापाशी गेले. डस्टर तिथंच होतं. मला वाटलं, संपलं. त्यांनी चष्मा वर केला, अगदी जवळ जाऊन बघितलं, आणि मोठ्यानं वाचलं. दारम. मग आमच्याकडं पाठ ठेवूनच बोलायला लागले.

“आमची अम्मा दिवसभर हाच शब्द बोलायची,” ते म्हणाले. “दारम तुटला, दारम जोड, दारम आण. लिहिलेला मी आज पहिल्यांदा बघतोय.”

वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी पद्माला तेलुगूत सांगितलं, की अजून एक सांग. शाळेच्या फाटकाच्या आत, सगळ्या संस्थेसमोर, भर सभेत तेलुगूत. पुढं काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही, कारण सगळेच एकदम उठले. वर्गातल्या बसू नावाच्या पोराचे आजोबा अक्कलकोटकडचे, त्यांनी दणदणीत आवाजात ज्वारीला त्यांच्या कन्नडमध्ये म्हणतात ते ‘जोळ’ सांगितलं आणि बसूनं ते असं फळाभर लिहिलं, की बाकीच्यांना जागा उरेना. आयेशाची अम्मी म्हणाली, हम तो धागा बोलते. आयेशानं बाईंच्या पिशवीतला पुंजका ओढून काढला आणि ओठांपुढं धरला. पुंजका नाचला. ध! म्हणून ती ओरडली आणि रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. कुणी पाण्याचं नीरु सांगत होतं, कुणी मिठाचं उप्पु, कुणी कालवणाचं कोरड्यास. आया रांग लावून शब्द सांगत होत्या आणि पोरं एकमेकांना ढकलत लिहीत होती. पिवळ्या बसवाले बाप सुद्धा आपल्या पोराला पुढं सारत होते. संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण राहूनच गेलं आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. बाई एका कोपऱ्यात उभ्या राहून मधूनच नुसत्या ‘हं’ करत होत्या. मी भर गर्दीत त्यांना मिठी मारली. त्यांना असलं काही आवडत नाही, पण त्या दिवशी मारू दिली.

बालवर्ग बाईंकडे राहिला, निवृत्त होईपर्यंत राहिला. आता त्यांच्या जागी आलेल्या बाईसुद्धा पिशवीत कापूस घेऊन फिरतात, आणि जुन्या ग्रुपवर बाईंचा आवाज अजूनही दिवेलागणीला येतो. मी आजही भाजी घेताना आधी तो ऐकते.

पण मला खरी आठवते ती मेळाव्यानंतरची सकाळ. जाताना सचिव बजावून गेले होते, की फळा कुणी पुसायचा नाही, फोटोवाल्याला बोलावतो. मी मुद्दाम लवकर आले, तर बाई ओलं फडकं घेऊन फळ्यापुढं उभ्या. फळा अर्धा पुसून झालेला. जोळ गेलं होतं, धागा गेला होता, एका कोपऱ्यात दारम तेवढा शिल्लक होता. मी डोक्याला हात लावला. बाई, अहो, फोटो! तर म्हणतात कशा, आज ल आहे, ल कुठं लिहू?

तेवढ्यात दारात पद्मा आली. वैष्णवीला सोडायला आली होती, पण पोरगी आत पळाली तरी ती जाईना. चपला काढून फळ्याजवळ आली. विचारलं नाही, सवरलं नाही. एक बोट तिनं फळ्यावर टेकवलं, दोऱ्यानं वळ पडलेलं, आणि द खालून पुढं पुढं सरकवत नेलं.

“दा. र. म.”

ती ते सुटं सुटं म्हणाली, आणि मग सगळं एकत्र. मग बोट तसंच ठेवून आमच्याकडं बघितलं. रोज संध्याकाळी पोरीला ऐकवता ऐकवता आवाज तिच्याही कानात बसले होते, आणि कालपासून त्यांना तोंडं मिळाली होती. बाईंनी शाबासकी-बिबासकी काही दिली नाही. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं, पिशवीतनं खडू काढला आणि पद्मापुढं धरला.

“तुझ्या नावाचा पहिला आवाज कुठला गं?” बाईंनी विचारलं.

पद्मानं ओठ मिटले, हात तोंडापुढं धरला आणि ओठ उघडले. मग खडू घेतला.

“प,” ती म्हणाली. “पालुचा प.”